तीन संघांची स्पर्धा

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-सप्ताहाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



क्रीडा-सप्ताहाच्या समारोपाला मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. जीवनातील खेळाचे महत्त्व आपण दरवर्षी ऐकता. ते सांगणारे वडीलधारे माझ्यापेक्षा अधिक अधिकारी आहेत. म्हणून मी उपदेश बाजूला ठेवून एका स्पर्धेची हकीकत सांगणार आहे. ही स्पर्धा आपल्या देशातील नाही. अरब देशांतील फुटबॉल क्लबांच्या अजिंक्यपदाची ही स्पर्धा १९८१-८२ साली प्रथम भरली. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता.

हा दूरचा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण घरचे आहे. आपल्या भागात असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी कुवेत, दम्माम, दोहा किंवा मस्कत येथे नोकरीस गेलेले नाही. या गावांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कशाच्या संबंधात? व्हिसा, पगार, ड्राफ्ट आणि सुट्टी यांच्या. तेथील माणसे संध्याकाळी काय करतात, कशासाठी ओरडतात, कशासाठी रडतात, हे आपल्याला ठाऊक नसते. माझे थोरले मामू कुवेतमध्ये वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावर होते. ते सुट्टीवर आले की सोन्याच्या भावाबद्दल बोलत नसत, फुटबॉलबद्दल बोलत. अल-अरबी या क्लबाचे ते भक्त होते. स्वस्त तिकिटाच्या जागेवर बसून सामना पाहावयाचा आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला घेऊन कामावर जावयाचे, हा त्यांचा क्रम. या विषयाची गोडी मला त्यांच्यामुळे लागली.

दुसरे कारण आपल्या संस्थेचे आहे. आपल्या शाळांची एक आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा सुरू करावी असा अर्ज मी दोन महिन्यांपूर्वी कार्यवाहसाहेबांकडे दिला. आजपर्यंत तीन शाळांचा होकार आला आहे. बाकीच्या शाळांना मैदान नाही, कोणाला शिक्षक नाही, कोणाला परीक्षेची चिंता. तेव्हा एका हितचिंतकांनी मला विचारले, "गुरुजी, तीन संघांची का कुठे स्पर्धा असते?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आजचे भाषण हे त्यांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

प्रथम थोडा भूगोल पाहू. नकाशावर मोरोक्कोपासून इराकपर्यंत बोट फिरवा. अटलांटिक महासागराच्या काठापासून इराणच्या आखातापर्यंत एका भाषेचे देश पसरलेले दिसतील. या देशांतील काहींनी १९४५ साली कैरो येथे अरब लीग स्थापन केली. १९५३ साली अलेक्झांड्रियात पहिले अरब क्रीडासामने भरले. परंतु जागतिक फुटबॉलचा कारभार भाषेनुसार चालत नाही, खंडानुसार चालतो. त्यामुळे कॅसाब्लांका, ट्यूनिस आणि कैरो येथील क्लब आफ्रिकेच्या वाट्यास गेले, तर बगदाद, बैरुत आणि कुवेतचे क्लब आशियाच्या. एक भाषा बोलणारे, एकच रेडिओ ऐकणारे खेळाडू अधिकृत क्लब स्पर्धेत समोरासमोर येण्याची सोयच नव्हती.

आफ्रिकेतील क्लबांची स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली आणि ती अखंड चालली. इजिप्तच्या इस्माइली क्लबाने १९६९ चे अजिंक्यपद मिळविले. आशियाची गोष्ट मात्र निराळी झाली. आशियाई क्लबांची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली. तीत आपल्या देशातर्फे त्या काळी राज्यांचे संघ जात असत. १९६९ साली म्हैसूरचा संघ गेला होता. परंतु १९६७ च्या जूनमध्येच अरब देश आणि इस्रायल यांचे युद्ध झाले आणि त्याची सावली या मैदानावर पडली. १९७० साली तेहरानमध्ये बैरुतच्या होमेनेत्मेन क्लबाने उपान्त्य सामन्यात हापोएल तेल अवीवविरुद्ध खेळण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये याहून मोठा प्रसंग घडला. बगदादच्या पोलिसांचा आलियात अल-शुर्ता हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. समोर मक्काबी तेल अवीव होता. इराकी संघ खेळला नाही. अंतिम सामना झालाच नाही आणि अजिंक्यपद मक्काबीला देण्यात आले.

या नकाराबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो, मी येथे त्याचा निवाडा करीत नाही. खेळाच्या दृष्टीने परिणाम काय झाला एवढेच पाहू. १९७२ ची आशियाई स्पर्धा रद्द झाली आणि पुढे जवळजवळ चौदा वर्षे ती भरलीच नाही. १९७४ साली इस्रायलला आशियाई संघटनेतून काढण्यात आले, तरी क्लबांची स्पर्धा १९८५-८६ पर्यंत पुन्हा उभी राहिली नाही. म्हणजे एखाद्या बगदादच्या खेळाडूने १९७२ साली क्लबाच्या संघात प्रवेश केला असता तर त्याची सारी उमेदीची वर्षे परदेशी क्लबाविरुद्ध अजिंक्यपदाचा एकही सामना न खेळता निघून गेली असती. ही पोकळी लक्षात ठेवा. स्पर्धा सुरू होते ती बहुधा अशा पोकळीतूनच.

राष्ट्रीय संघांसाठी काही सोय होती. १९६३ साली बैरुत येथे पहिला अरब चषक भरला. पाच देश आले आणि ट्यूनिशिया जिंकला. १९६४ साली कुवेतमध्ये आणि १९६६ साली बगदादमध्ये इराकने चषक नेला. त्यानंतर ही स्पर्धाही बंद पडली, ती थेट १९८५ साली पुन्हा सुरू झाली. आखाती देशांनी १९७० साली बहारिनमध्ये आपला निराळा चषक सुरू केला. त्यात पहिल्या वर्षी चारच संघ होते आणि पहिले चारही चषक कुवेतने जिंकले. १९७४ साली अरब फुटबॉल संघटनांचा महासंघ स्थापन झाला. या महासंघाने पुढे क्लबांच्या स्पर्धेचा घाट घातला.

आता १९८१-८२ चे दिवस डोळ्यांसमोर आणा. इराक आणि इराण यांचे युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये पेटले होते. लेबनॉनमध्ये १९७५ पासून यादवी चालू होती. इजिप्तने इस्रायलशी तह केला म्हणून १९७९ साली अरब लीगने त्याला निलंबित केले होते. त्या पहिल्या स्पर्धेत कैरोचे क्लब नव्हते. १९०७ साली स्थापन झालेला अल-अहली आणि १९११ चा झमालेक हे अरब जगातील सर्वांत मोठे क्लब, तेच गैरहजर. आखाती देश आपल्या क्लबांसाठी निराळी स्पर्धा उभी करीत होते. ती १९८२ साली भरली आणि पहिले विजेतेपद आमच्या मामूंच्या अल-अरबीनेच मिळविले. उत्तर आफ्रिकेतील क्लबांना त्यांच्या खंडाची स्पर्धा होती.

मग अरब क्लबांच्या पहिल्या अजिंक्यपद स्पर्धेत किती संघ राहिले? मित्रहो, तीन. इराकचा एक, जॉर्डनचा एक आणि लेबनॉनचा एक. वीसेक देशांच्या नावाने भरलेली स्पर्धा आणि संघ तीन. त्या वेळीही कोणीतरी विचारले असेलच, तीन संघांची का कुठे स्पर्धा असते?

या तिघांपैकी अंतिम सामन्याला पोहोचलेल्या दोन संघांची ओळख करून देतो. लेबनॉनचा संघ होता अल-नज्मा. नज्म म्हणजे तारा, हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना परका नाही. बैरुत शहराच्या रास बैरुत भागातील हा क्लब १९४५ साली स्थापन झाला. ६ एप्रिल १९७५ रोजी ब्राझीलचा जगप्रसिद्ध खेळाडू पेले बैरुतला आला आणि एका मैत्रीपूर्ण सामन्यात नज्माचा गणवेश घालून खेळला. सारे शहर लोटले. आणि बरोबर एका आठवड्याने, १३ एप्रिल रोजी, त्याच बैरुतमध्ये यादवी युद्धाची पहिली ठिणगी पडली. ते युद्ध १९९० पर्यंत चालले. देशाची नियमित साखळी स्पर्धा वर्षानुवर्षे बंद राहिली. ज्या शहरात एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात जाणे जिवावरचे होते, त्या शहरातील अकरा मुले या पहिल्या स्पर्धेत खेळावयास उभी राहिली आणि अंतिम फेरीपर्यंत गेली. त्याच १९८२ सालच्या जूनमध्ये इस्रायलने लेबनॉनवर चढाई केली आणि बैरुतचे मोठे क्रीडागार बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले.

समोरचा संघ होता बगदादचा अल-शुर्ता. शुर्ता म्हणजे पोलीस. बँकॉकमध्ये १९७१ साली जो अंतिम सामना झालाच नाही, त्या सामन्याला पोहोचलेला संघही पोलिसांचाच होता, हे मी मघाशी सांगितले. १९७४ साली इराकमध्ये खात्यांच्या संघांऐवजी क्लबांची पद्धत आली, तेव्हा पोलिसांचे निरनिराळे संघ एकत्र करून अल-शुर्ता क्लब उभा राहिला. १९७९-८० च्या हंगामात त्याने इराकची साखळी स्पर्धा जिंकली. अरब अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत दोन सामने मिळून त्याने नज्माचा चार विरुद्ध दोन गोलांनी पराभव केला. बँकॉकमध्ये जो सामना खेळला गेला नव्हता, तो अकरा वर्षांनी निराळ्या नावाच्या स्पर्धेत, निराळ्या प्रतिस्पर्ध्याशी या पोलिसांनी खेळून जिंकला, असे मला वाटते.

१९८३ साली स्पर्धा भरली नाही. तीन संघांची स्पर्धा एका वर्षातच आटोपली, असे म्हणणाऱ्यांना ती संधी होती. परंतु १९८४ साली ती पुन्हा भरली आणि या वेळी विजेता होता दम्मामचा अल-इत्तिफाक. इत्तिफाक म्हणजे एकमत, समझोता. १९४० च्या दशकात गावातील लहान क्लबांनी एकत्र येऊन हा क्लब काढला, म्हणून हे नाव. दम्माम हे सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील तेलाचे बंदर. रियाध आणि जेद्दा येथील बड्या क्लबांपुढे त्याची प्रतिष्ठा ती काय? पण १९८२-८३ च्या हंगामात या संघाने सौदी साखळी स्पर्धा एकही सामना न हरता जिंकली, १९८३ चा आखाती क्लब चषक जिंकला आणि १९८४ चे अरब अजिंक्यपदही नेले. यात विशेष गोष्ट म्हणजे त्याचे शिक्षक खलील अल-झयानी हे सौदीच होते. त्या दिवसांत पैसा असलेले देश ब्राझील नि युरोपातून शिक्षक आणीत. दम्मामने आपल्यातलाच माणूस निवडला. पुढे याच झयानींच्या हाताखाली सौदी अरबस्तानने १९८४ चा आशियाई चषक जिंकला.

येथपर्यंतची हकीकत ऐकावयास गोड आहे. आता कडू भाग.

१९८३ साली बगदादमध्ये अल-रशीद हा नवा क्लब निघाला. त्याच्या पाठीशी होता राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेन यांचा थोरला मुलगा उदय. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. १९८४ पासून इराकची ऑलिंपिक समितीही त्याच्या हाती आली. मग काय विचारता? देशातील उत्तमोत्तम खेळाडू इतर क्लबांतून अल-रशीदमध्ये जाऊ लागले. या क्लबाने १९८५, १९८६ आणि १९८७ असे लागोपाठ तीन वेळा अरब अजिंक्यपद जिंकले. १९८७, १९८८ आणि १९८९ अशी इराकची साखळी स्पर्धाही सलग तीन वर्षे जिंकली. कागदावर पाहिले तर त्या दशकात या क्लबाच्या तोडीचा दुसरा क्लब अरब जगात नव्हता.

खेळाडू खरोखरच थोर होते, यात शंका नाही. अहमद राधी त्यांच्यापैकी एक. १९८६ साली मेक्सिकोतील विश्वचषकात इराक प्रथमच खेळला. तेथे पोहोचण्याची वाटही खडतर होती. युद्धामुळे इराकला आपले घरचे सामने परमुलखात खेळावे लागत. मे १९८५ मध्ये इराक आणि कतार यांच्यातील पात्रता सामना आपल्या कलकत्त्यात झाला आणि इराकने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. मेक्सिकोत इराकने एकच गोल केला, बेल्जियमविरुद्ध, आणि तो राधीचा होता. २०२० साली करोनाने राधीचे निधन झाले तेव्हा सारा इराक हळहळला. सांगावयाचा मुद्दा हा की खेळाडूंचा दोष नव्हता. दोष होता तो त्यांना एका हाताखाली गोळा करणाऱ्या सत्तेचा. २००३ साली ती राजवट कोसळल्यावर खेळाडूंनी उघडपणे सांगितले की सामना हरल्यावर तुरुंगवास आणि मारहाण वाट्यास येई. ज्या इमारतीत ऑलिंपिक समितीची कचेरी, तिच्यातच कोठड्या होत्या.

आणि त्या अजिंक्य क्लबाचे पुढे काय झाले? १९९० साली तो बरखास्त करण्यात आला. स्थापनेपासून सात वर्षांत सारे संपले. ज्याने तीन अरब अजिंक्यपदे मिळविली तो क्लब आज नाही. ज्या काळात अल-रशीद खेळाडू गोळा करीत होता त्याच काळात हुसेन सईद हा इराकचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच क्लबाकडून खेळला. देशासाठी त्याने अठ्ठ्याहत्तर गोल केले. त्याच्या क्लबाचे नाव अल-तलबा, म्हणजे विद्यार्थी. तो विद्यार्थ्यांचा क्लब आजही आहे.

१९८८ साली दम्मामच्या इत्तिफाकने दुसऱ्यांदा अजिंक्यपद जिंकले. १९८९ साली मोरोक्कोच्या विदाद क्लबाने ते जिंकले आणि प्रथमच चषक आफ्रिकेच्या बाजूस गेला. विदादची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रेंच अंमलात कॅसाब्लांका बंदरावरील पोहण्याच्या तलावांवर मोरोक्कन माणसांना मज्जाव असे. तेव्हा १९३७ साली तेथील लोकांनी आपला स्वतःचा क्लब काढला. पोहण्यासाठी निघालेल्या त्या क्लबात फुटबॉल नंतर आला. इजिप्तही १९८९ साली अरब लीगमध्ये परतला. आठ वर्षांपूर्वी तीन संघांनी सुरू केलेली स्पर्धा आता खरोखर दोन खंडांची झाली, असे वाटू लागले.

आणि लगेच, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. अरब क्लबांच्या स्पर्धेतील दोन अरब देश एकमेकांसमोर रणगाडे घेऊन उभे राहिले. कुवेतच्या फुटबॉलचे सूत्रधार शेख फहद अल-अहमद त्याच दिवशी मारले गेले. हे तेच शेख फहद, जे १९८२ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात पंचांशी वाद घालण्यास मैदानात उतरले होते. तेव्हा जगाने त्यांची थट्टा केली होती.

तो ऑगस्ट महिना या सभागृहातील ज्येष्ठांना आठवत असेल. कुवेतमधील आपली माणसे अम्मानमार्गे मायदेशी आली. एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना परत आणले. माझे मामू त्यांच्यातच होते. अम्मीने मला पुष्कळ वेळा सांगितले आहे की ते घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच पिशवी होती. तीत दोन कपडे, कामाची काही हत्यारे आणि अल-अरबीचा हिरवा रुमाल एवढेच निघाले. नानी म्हणाल्या, "अरे, घड्याळ नाही आणलेस, रेडिओ नाही आणलास, आणि हे फडके आणलेस?" मामू काही बोलले नाहीत. पुढे मी मोठा झाल्यावर त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बेटा, बाकी सगळं त्यांचं होतं. हा रुमाल माझा होता."

१९९० आणि १९९१ साली स्पर्धा भरली नाही. १९९२ साली ती पुन्हा सुरू झाली आणि रियाधच्या अल-शबाबने ती जिंकली. १९९६ साली कैरोच्या अल-अहलीने प्रथमच तिचे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतरही ती कैक वेळा खंडित झाली. नाव बदलले, नियम बदलले, कधी वर्षे रिकामी गेली. तथापि ती मेली नाही. २०२३ साली ती सौदी अरबस्तानात राजे सलमान यांच्या नावाने भरली तेव्हा मुख्य फेरीतच सोळा संघ होते आणि पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो रियाधच्या अल-नस्रकडून खेळत होता. अंतिम सामन्यात त्याने दोन गोल करून चषक जिंकला, हे आपल्या मुलांना पाठ आहे.

मुलांनो, उपान्त्य सामन्यात अल-नस्रसमोर कोण होते, हे मात्र तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बगदादचा अल-शुर्ता. तोच, तीन संघांच्या स्पर्धेतला पहिला विजेता. रोनाल्डोच्या एका पेनल्टीमुळे तो एक विरुद्ध शून्य असा हरला. मधल्या एकेचाळीस वर्षांत इराकने तीन युद्धे, निर्बंध आणि परकी फौजा पाहिल्या. अल-शुर्ताने कित्येक वर्षे काहीच जिंकले नाही. पण क्लब राहिला. इराकची साखळी स्पर्धा त्याने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जिंकली. ज्याने एकदा जिंकले तो उरला आणि ज्याने तीनदा जिंकले तो नाहीसा झाला. चषकांची संख्या मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता एक कबुली देतो, कारण ती न देता मी हे भाषण संपविले तर ते अप्रामाणिकपणाचे होईल.

मी नोकरीस लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेसाठी आमचा संघ तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. तरुण रक्त, नाव मिळविण्याची घाई. आमचा बचावफळीतला एक मुलगा होता. चणीने लहान, पायांत फार वेग नाही, पण पावसाळा उलटल्यापासून एकही दिवस सरावाला चुकलेला नव्हता. मी त्याला बाहेर बसविले आणि त्याच्या जागी शाळा सोडून गेलेला एक दांडगा मुलगा खेळविला. हजेरीपटातले नाव एकाचे, मैदानावर दुसराच. कोणी तक्रार केली नाही. आम्ही जिंकलो. तो चषक आजही त्या शाळेच्या कपाटात आहे आणि त्यावर वर्ष कोरलेले आहे. तो लहान चणीचा मुलगा मात्र त्या दिवसानंतर मैदानावर आला नाही. मी त्याला बोलावले. "सर, अभ्यास आहे," एवढेच तो म्हणाला. तो खोटे बोलतो आहे हे मला कळत होते, आणि मी आधी खोटे वागलो आहे हे त्याला कळत होते.

बगदादमधल्या त्या जुलमाची आणि माझ्या या चोरीची बरोबरी मी करीत नाही. ती करणे हा तेथे भोगलेल्या माणसांचा अपमान होईल. परंतु अल-रशीदचा इतिहास वाचताना प्रत्येक वेळी मला तो मुलगा आठवतो. दुसऱ्याची माणसे आणून जिंकता येते, यात संशय नाही. मात्र असे जिंकलेले टिकत नाही आणि ज्यांच्यासाठी खेळ मांडला तेच खेळ सोडून जातात, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे.

म्हणून अध्यक्षसाहेब, माझ्या अर्जाबाबत दोनच विनंत्या करतो. पहिली विनंती, आठ शाळा येईपर्यंत थांबू नये. तीन शाळा आहेत, तर तीन शाळांची स्पर्धा यंदा, याच हिवाळ्यात घ्यावी. पुढच्या वर्षी कदाचित दोनच येतील, कदाचित एखादे वर्ष रिकामे जाईल. जाऊ द्यावे. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा भरवावी. चौथी शाळा येते ती चालू असलेल्या खेळाकडे पाहून येते. कपाटातल्या अर्जाकडे पाहून कोणीच येत नाही.

दुसरी विनंती, नियमावलीत पहिला नियम असा घालावा की ज्याचे नाव हजेरीपटात आहे आणि जो सरावाला आला आहे, तोच खेळेल. मग संघ हरला तरी चालेल. हा नियम मोडणारा शिक्षक कोणीही असो, त्याचा संघ बाद करावा. मी मोडला तर माझाही.

मामू आता हयात नाहीत. त्यांचा हिरवा रुमाल अम्मीने जपून ठेवला आहे. परवानगी असेल तर पहिल्या सामन्याच्या दिवशी मी तो घेऊन येईन आणि मैदानाच्या कडेला, स्वस्त तिकिटाच्या जागेवर बसेन. तिकीट अर्थातच नसेल, आणि कुंपणही नाही. संघ तीनच असतील. पण त्या दिवशी सकाळी सरावाला चुकत नसलेला एखादा लहान चणीचा मुलगा स्वतःच्या नावाने मैदानात उतरेल. माझ्या मते एवढ्यावर स्पर्धा सुरू करता येते.